चांदीचे नॅनोकण आणि बोअरचे पाणी : निलंबनाचे स्थैर्य भोवतालच्या द्रवावर कसे ठरते

तासगावच्या एका एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्याने महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सोडियम सायट्रेट वापरून चांदीचे नॅनोकण तयार केले. कणांचा सरासरी व्यास २० नॅनोमीटर, चांदीचे प्रमाण लिटरला सुमारे ७० मिलिग्रॅम आणि झेटा विभव (कणाचा प्रभार त्या द्रवात किती जाणवतो याचे माप) उणे ३८ मिलिव्होल्ट आहे. ऊर्ध्वपातित पाण्यात हे पिवळे, नितळ निलंबन (द्रवात विखुरून तरंगत राहिलेल्या बारीक कणांचे मिश्रण) सहा आठवडे जसेच्या तसे राहिले. द्राक्षबागेतल्या बोअरच्या पाण्यात ते एकास नऊ या प्रमाणात मिसळले, तेव्हा मात्र भांडे ढवळून खाली ठेवेपर्यंत रंग करडा झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तळाशी काळा साका बसलेला दिसला. घरच्या आरओच्या पाण्यात काहीच बिघडले नाही. निम्मे अल्कोहोल घातल्यावर संध्याकाळपर्यंत कण खाली बसले. ग्लिसरीनमध्ये ते टिकले. झेटा विभव चांगला असताना असे का व्हावे आणि बागेतील फवारणीच्या चाचणीसाठी कोणता द्रव घ्यावा, असे त्याला विचारायचे आहे. सोबत बोअरच्या पाण्याचा तपासणी अहवाल आहे : एकूण काठिण्य ४२०, क्लोराइड १८०, टीडीएस ९०० (तिन्ही आकडे मिलिग्रॅम प्रति लिटर) आणि सामू ७.९.

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत मी अनेक वर्षे रंगद्रव्यांची आणि शाईची निलंबने बनवण्याचे काम करतो. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी बहुतेकांचे मूळ हेच असते की, माल एका द्रवात तपासलेला असतो आणि वापरला दुसऱ्याच द्रवात जातो. कण टिकणे हा एकट्या कणाचा गुण नाही. कण, त्याच्या पृष्ठभागावरचा थर आणि भोवतालचा द्रव या तिघांचा मिळून तो गुण आहे. तुमच्या सगळ्या निरीक्षणांत कण तेच होते, द्रव तेवढा बदलला. म्हणून प्रत्येक वेळी द्रवाने नेमके काय केले, ते क्रमाने पाहू.

कोणतेही दोन सारखे कण द्रवात एकमेकांजवळ आले की त्यांच्यात व्हॅन डर वाल्स आकर्षण असते, आणि धातूंच्या बाबतीत ते विशेष जोरकस असते. चांदीचे दोन कण एकदा खरोखर चिकटले, की पाण्यातली नुसती उष्णतेची धडपड त्यांना सोडवू शकत नाही. त्यांना दूर ठेवण्याचे काम तुमच्या निलंबनात सायट्रेटचा ऋण प्रभार करतो. कणाच्या पृष्ठभागावर ऋण प्रभार असला, की द्रवातले धन आयन त्याच्याभोवती गोळा होतात आणि एक विद्युत द्विस्तर तयार होतो. दोन कणांचे असे द्विस्तर एकमेकांत घुसू लागले की प्रतिकर्षण जाणवते. आकर्षण आणि प्रतिकर्षण यांची ही वजाबाकी देर्यागिन आणि लांडाऊ यांनी १९४१ मध्ये, तर फेरवे आणि ओव्हरबेक यांनी १९४८ मध्ये मांडली. प्रत्यक्ष घटना मात्र त्याआधीच पाहिली गेली होती. मायकेल फॅरडे यांनी १८५७ मध्ये सोन्याचे माणकासारखे लाल द्रव तयार केले आणि त्यात मीठ पडताच ते निळे होते, हे नोंदवले. तुमचे पिवळे पाणी करडे झाले, ती याच प्रकारची घटना आहे.

द्विस्तर किती दूरवर पोहोचतो, याचे माप म्हणजे डेबाय लांबी. २५ अंश सेल्सियसच्या पाण्यात ती काढण्याचे सूत्र सोपे आहे : ०.३०४ ला आयनिक तीव्रतेच्या (द्रवातील आयनांचे प्रमाण आणि त्यांचे प्रभार मिळून निघणारे माप, मोलरमध्ये) वर्गमुळाने भागावे, उत्तर नॅनोमीटरमध्ये येते. १ मिलिमोलर मिठाच्या पाण्यात ही लांबी ९.६ नॅनोमीटर असते, १० मिलिमोलरमध्ये ती ३ वर येते आणि १०० मिलिमोलरमध्ये १ नॅनोमीटरच्याही आत जाते. आता तुमचे आकडे घालू. तुमच्या मूळ निलंबनात साधारण १ मिलिमोलर सायट्रेट उरले आहे असे धरले, तर सायट्रेटवर तीन प्रभार असल्यामुळे त्याची आयनिक तीव्रता ६ मिलिमोलर होते आणि डेबाय लांबी सुमारे ४ नॅनोमीटर येते. (कण बनवताना सायट्रेट जितके जास्त तितके चांगले, असा समज अनेकांचा असतो, एका मर्यादेनंतर ते स्वतःच एक क्षार म्हणून द्विस्तर दाबू लागते.) आरओच्या पाण्याने दहापट पातळ केल्यावर आयन कमीच झाले, लांबी सात-आठ नॅनोमीटरपर्यंत वाढली आणि म्हणून काही बिघडले नाही. बोअरच्या पाण्याचा टीडीएस ९०० असताना आयनिक तीव्रता ढोबळमानाने १५ ते २० मिलिमोलर धरता येईल, म्हणजे डेबाय लांबी दोन ते अडीच नॅनोमीटर.

येथे थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण पुष्कळ जण याच टप्प्यावर "क्षार वाढले, द्विस्तर दबला, कण चिकटले" असे म्हणून मोकळे होतात. चारवरून सव्वादोनवर येणे ही घट काही कमी नाही; पण सायट्रेटचा थर असलेले चांदीचे कण साध्या सोडियमच्या क्षारात सुमारे ५० मिलिमोलरपर्यंत तग धरतात. तुमचे पाणी त्या हिशेबाने निम्म्यालाही पोहोचत नाही. केवळ एकूण क्षारांकडे पाहिले तर ते निलंबन काही दिवस तरी टिकायला हवे होते. ढवळता ढवळता करडे होण्याचे काही कारण नव्हते.

खरा दोषी अहवालाच्या पहिल्या आकड्यात आहे. काठिण्य कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात मोजतात, त्यामुळे लिटरला १०० मिलिग्रॅम म्हणजे १ मिलिमोलर द्विसंयुजी (दोन प्रभारांचे) आयन, असा सरळ हिशेब होतो. तुमचे ४२० म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मिळून ४.२ मिलिमोलर, एकास नऊ मिसळल्यावर ३.८. सायट्रेटचे चांदीचे कण कॅल्शियमच्या सुमारे २ मिलिमोलरलाच कोसळतात. सोडियमचे पन्नास आणि कॅल्शियमचे दोन, इतका हा फरक आहे. आयनावरचा प्रभार वाढला की कण गोळा करण्याची त्याची ताकद फार झपाट्याने वाढते, हे शुल्झे यांनी १८८२ मध्ये आणि हार्डी यांनी १९०० मध्ये दाखवले होते. पृष्ठविभव मोठा धरला तर सिद्धांताप्रमाणे लागणारे प्रमाण प्रभाराच्या सहाव्या घाताने घटते, म्हणजे एकाच्या जागी दोन प्रभार आले की चौसष्टाव्या भागात काम होते. प्रत्यक्षात घट बहुधा इतकी तीव्र नसते. सायट्रेटच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. कॅल्शियम त्याच्या कार्बॉक्सिलेट गटांना नुसते झाकत नाही, तर धरून ठेवते. कणावरचा प्रभारच त्यामुळे कमी होतो, आणि दोन कणांवरच्या गटांमध्ये एकच कॅल्शियम दुवा म्हणूनही बसू शकतो.

यातून निघणारी एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, काठिण्याची स्वीकारार्ह मर्यादा २०० मिलिग्रॅम प्रति लिटर आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालते. दोनशे म्हणजे बरोबर २ मिलिमोलर. माणसाने खुशाल प्यावे असे पाणीसुद्धा या कणांच्या दृष्टीने कड्याच्या टोकावर असते.

हे माझ्या शब्दावर मानू नका. प्रयोगशाळेतले कॅल्शियम नायट्रेट (चार पाणी-रेणूंचे) लिटरला ०.९४ ग्रॅम घ्या. ते ४ मिलिमोलर होते आणि त्याची आयनिक तीव्रता १२ मिलिमोलर भरते. दुसऱ्या भांड्यात सोडियम नायट्रेट लिटरला १.०२ ग्रॅम घ्या. तीही १२ मिलिमोलरच. दोन्हीकडे साधारण एक-एक ग्रॅम क्षार, दोन्हीकडे डेबाय लांबी तीच. दोन्हींत तुमचे निलंबन एकास नऊ मिसळा आणि शेजारी शेजारी ठेवून पाहा. सोडियमचे भांडे पिवळे राहील, कॅल्शियमचे करडे होईल. नायट्रेट सांगण्याचे कारण असे की क्लोराइड घेतले तर चांदी त्याच्याशी वेगळी रासायनिक क्रिया करते आणि दोन कारणांची सरमिसळ होते. खतांच्या दुकानातले कॅल्शियम नायट्रेट मात्र यासाठी घेऊ नका. त्यात अमोनियमही असते.

आपल्या सांगली जिल्ह्यात हाच नियम शेतात रोज दिसतो. वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांत कृष्णाकाठच्या काळ्या जमिनी खारवट आणि चोपण झाल्याचे आपण पाहतो. चोपण जमिनीतील चिकणमातीचे कण सोडियमने व्यापलेले असतात; त्यामुळे ते पाण्यात सुटे होऊन विखुरतात, मातीतील पोकळ्या बुजवतात आणि पाणी मुरत नाही. जिप्सम घातले की त्यातील कॅल्शियम सोडियमची जागा घेतो, मातीचे कण गोळा होतात आणि निचरा सुधारतो. याहून शिकण्यासारखी गोष्ट खारवट जमिनीची आहे. तिथे सोडियम भरपूर असूनही एकूण क्षार इतके असतात की द्विस्तर दबलेले राहतात आणि माती रवाळ दिसते. अशी जमीन जिप्सम न घालता नुसत्या गोड्या पाण्याने धुतली, तर क्षार निघून जातात, सोडियम कणांना चिकटून राहतो आणि चांगली दिसणारी माती चोपण होऊन बसते. माती तीच, फक्त तिच्याभोवतीचे पाणी बदलले. शेतकऱ्याला कण गोळा झालेले हवे असतात आणि तुम्हाला सुटे, एवढाच काय तो फरक.

आता क्लोराइडकडे वळू. चांदीच्या पृष्ठभागाचे पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूमुळे हळूहळू ऑक्सिडीकरण होते आणि सुटलेला चांदीचा आयन क्लोराइडबरोबर अत्यंत अल्पविद्राव्य सिल्व्हर क्लोराइड बनवतो. तुमच्या पाण्यातील १८० मिलिग्रॅम क्लोराइड म्हणजे ५ मिलिमोलर. एवढे या क्रियेला पुरेसे आहे, पण ती काही सेकंदांत रंग पालटण्याइतकी वेगवान नसते. सकाळी दिसलेल्या काळ्या साक्यात तिचा थोडाफार वाटा असू शकेल, विशेषतः भांडे उजेडात असेल तर, कारण सिल्व्हर क्लोराइड प्रकाशाने काळवंडते. कण गोळा झाले की विरघळले, हे वर्णपटावरून (कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो याच्या आलेखावरून) ओळखता येते. सुट्या कणांचे शिखर ४०० नॅनोमीटरच्या आसपास असते. ते खाली येताना ५०० ते ७०० च्या भागात नवा फुगवटा आला तर कण जवळ येऊन चिकटले. शिखर नुसतेच बसले आणि लांब तरंगलांबीकडे काही वाढले नाही तर कण विरघळले किंवा तळाशी गेले. मिसळल्यानंतर लगेच, दहा मिनिटांनी आणि तासाने असे तीन वर्णपट घेतले तर शंका उरणार नाही.

सामूविषयी तुमच्या बाबतीत फार सांगण्यासारखे नाही. सायट्रेटचे तिन्ही आम्लगट ७.९ ला पूर्ण आयनित असतात, तेव्हा प्रभार कमी होण्याचे ते कारण नव्हे. पुढे झिंक ऑक्साइड किंवा कॉपर ऑक्साइडकडे वळलात तर मात्र सामू हाच पहिला प्रश्न होईल. या दोन्हींचा पृष्ठप्रभार सामू ९ ते ९.५ च्या सुमारास शून्य होतो, त्यामुळे आपल्याकडील अल्कधर्मी बोअरच्या पाण्यात ते आधीच दुबळे असतात. आणि फवारणीच्या पाण्याचा सामू सायट्रिक आम्लाने सहाच्या खाली आणण्याची बागायतदारांची सवय झिंक ऑक्साइडला भोवते, कारण तिथे तो विरघळू लागतो.

झेटा विभवाच्या आकड्याबद्दल तुम्ही विचारले आहे. उणे ३८ हा आकडा चांगला आहे, पण तो ऊर्ध्वपातित पाण्यातील आहे. तीस मिलिव्होल्टच्या पुढे निलंबन स्थिर, हा ठोकताळा ज्या द्रवात मोजमाप झाले त्या द्रवापुरताच खरा. हेच कण बोअरच्या पाण्यात टाकून लगेच मोजले तर उणे दहा-पंधरा दिसले तरी मला आश्चर्य वाटणार नाही. उलट बहुवारिकाचा (पॉलिमरचा, म्हणजे लांब साखळीच्या रेणूंचा) जाड थर असलेले कण झेटा विभव जवळपास शून्य असतानाही वर्षभर टिकतात. म्हणून मी या आकड्याला रक्तदाबाच्या एका नोंदीइतकेच महत्त्व देतो : कोणत्या स्थितीत घेतला ते माहीत नसेल तर त्यावरून निदान करू नये.

करडा रंग इतक्या चटकन का आला, याचाही हिशेब लागतो. स्मोलुखोव्स्की यांनी १९१७ मध्ये दाखवले की प्रत्येक टक्करीत कण चिकटत असतील, तर त्यांची संख्या निम्मी व्हायला लागणारा वेळ द्रवाची श्यानता (दाटपणा), तापमान आणि कणांची संख्या यांवरच ठरतो. तुमच्या पातळ केलेल्या निलंबनात मिलिलिटरमध्ये सुमारे १६० अब्ज कण आहेत आणि पाण्यात त्यासाठी हा वेळ साधारण एक सेकंद येतो. म्हणजे तुम्ही पाहिलेली घटना या सर्वांत जलद प्रकारात मोडते. प्रतिकर्षणाचा अडथळा जवळपास नाहीसा झाला होता. तास-दोन तास लागले असते तर अडथळा अंशतः शिल्लक आहे असे म्हणता आले असते आणि उपायही सौम्य पुरले असते. तळाशी बसणे हा त्यानंतरचा भाग. वीस नॅनोमीटरचा सुटा चांदीचा कण पाण्यात दिवसाला जेमतेम ०.२ मिलिमीटर खाली जातो आणि खोलीतील तापमानाच्या चढउताराने पाण्यात होणारी हालचाल त्याला पुन्हा वर आणते. हा वेग व्यासाच्या वर्गाने वाढतो, म्हणून रात्रीतून साका बसला याचा अर्थ गुठळ्या मायक्रोमीटरच्या घरात पोहोचल्या होत्या.

अल्कोहोलमध्ये झालेला बिघाड वेगळ्या जातीचा आहे. तेथे कॅल्शियम नव्हते, परकीय क्षारही नव्हते. द्रवाचा स्वभावच बदलला. पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक ७८ च्या आसपास आहे, इथेनॉलचा २४, आणि निम्म्या-निम्म्या मिश्रणाचा पन्नाशीच्या आसपास. हा आकडा जितका मोठा तितके विरुद्ध प्रभारांचे आयन द्रवात सुटे राहू शकतात. दोन एकेरी प्रभारांमधील ओढ उष्णतेच्या धडपडीइतकी होते ते अंतर पाण्यात ०.७ नॅनोमीटर, इथेनॉलमध्ये २.३ आणि हेक्झेनमध्ये सुमारे ३० नॅनोमीटर भरते. अल्कोहोल वाढत जाते तसे सोडियमचे आयन सायट्रेटला अधिक घट्ट बिलगतात, कणाचा निव्वळ प्रभार घटतो आणि डेबाय लांबीही आखडते. शिवाय सोडियम सायट्रेट स्वतः अल्कोहोलमध्ये जवळपास विरघळत नाही. ज्या थराच्या आधारावर कण उभे होते त्या थरालाच नवा द्रव नकोसा झाला, असे म्हणता येईल. सायट्रेटचे कण अल्कोहोलमध्ये नेण्याचा हट्ट धरू नये. आधी पृष्ठभागावरचा थर बदलावा आणि मग द्रव.

ग्लिसरीनचे यश पाहून हुरळून जाऊ नका. त्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक ४२ च्या आसपास, म्हणजे पाण्यापेक्षा बराच कमी आहे. तिथे कण टिकण्याचे मोठे कारण म्हणजे त्याची श्यानता पाण्याच्या सुमारे हजारपट असते. टक्करी हजारपट मंद आणि खाली बसणेही तितकेच मंद. एक सेकंदाचे काम पंधरा-वीस मिनिटांवर जाते आणि थोडासा अडथळा शिल्लक असेल तर महिन्यांवर. बाटलीत साठवण्यासाठी हा गुण उपयोगी आहेच. पण ते ग्लिसरीन तुम्ही शेवटी बोअरच्या पाण्यातच ओतणार असाल, तर त्या क्षणी श्यानता जाते, कॅल्शियम येते आणि पुढची कथा तीच होते.

ग्लिसरीन मिसळलेल्या नमुन्यांचा आकार प्रकाश-विकिरणाच्या यंत्रावर मोजताना एक काळजी घ्यावी. यंत्र कणाची हालचाल मोजते आणि द्रवाची श्यानता वापरून आकार काढते. वजनाने २० टक्के ग्लिसरीनच्या पाण्याची श्यानता २५ अंशांना सुमारे १.५४ मिलिपास्कल-सेकंद असते, साध्या पाण्याची ०.८९. यंत्रात पाण्याचाच आकडा राहिला तर २० नॅनोमीटरचा कण ३५ चा दिसेल आणि कण गोळा झाले असा खोटा निष्कर्ष निघेल. द्रवाचा अपवर्तनांकही त्याबरोबर बदलून घ्यावा.

तैलस्वरूप द्रवांबद्दल तुम्ही विचारलेले नाही, म्हणून थोडक्यातच सांगतो. टोल्यूइन, हेक्झेन, रॉकेल यांत प्रभारावर भिस्त ठेवता येत नाही. तिथे लांब शेपटीचे रेणू कणावर बसवावे लागतात. मॅग्नेटाइटवर (लोहाच्या चुंबकीय ऑक्साइडवर) ओलेइक आम्ल बसवून रॉकेलमध्ये विखुरलेला चुंबकीय द्रव नासाच्या पॅपेल यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी केला, तो याच तत्त्वावर. अशा कणांत इथेनॉल ओतले की शेपट्या आखडतात आणि कण खाली बसतात. प्रयोगशाळेत कण धुण्याची रीतच ती आहे. व्हॅन डर वाल्स आकर्षणसुद्धा द्रवानुसार बदलते. सिलिकाचा अपवर्तनांक १.४५ च्या आसपास असल्यामुळे जवळपास त्याच अपवर्तनांकाच्या द्रवात तिच्या कणांमधील ओढ फार कमी होते आणि निलंबन पारदर्शक दिसते. चांदी-सोन्याला ही सवलत मिळत नाही. धातूंची ओढ कोणत्याही सामान्य द्रवात मोठीच राहते.

तुमच्या कामासाठी खरा मार्ग बहुवारिकाच्या थराचा आहे. जुन्या मराठी पोथ्या-दप्तरांची काळी शाई काजळ आणि बाभळीच्या डिंकात घोटून करीत. डिंकाशिवाय काजळ पाण्यात राहतच नाही. डिंकाचे लांब रेणू कणावर बसतात, त्यांची वेटोळी द्रवात पसरतात आणि दुसऱ्या कणाला आकर्षणाच्या टप्प्यात येऊच देत नाहीत. या रीतीचा फायदा असा की क्षारांचा तिच्यावर फारसा परिणाम होत नाही, मात्र बहुवारिकाला तो द्रव मानवला पाहिजे. पीव्हीपी (पॉलिव्हिनिलपायरोलिडोन हे बहुवारिक) पाण्यातही विरघळते आणि इथेनॉलमध्येही, म्हणून दोन्हीकडे चालते. ॲसिटोन किंवा हेक्झेनमध्ये ते आक्रसते आणि संरक्षण संपते. थर पातळ असेल तर कॅल्शियमची मर्यादा दुप्पट-अडीचपट वाढते, नाहीशी होत नाही. म्हणून जरा जास्त रेणुभाराचे पीव्हीपी किंवा डिंक घ्यावा, असे माझे मत आहे.

प्रमाणाबाबत हात आखडता घेऊ नका आणि सैलही सोडू नका. बहुवारिक फार कमी पडले तर एकच रेणू दोन कणांना धरून पूल बांधतो आणि निलंबन आधीपेक्षा लवकर फुटते. फार जास्त झाले तर द्रवात मोकळे राहिलेले रेणू दोन कणांमधील फटीतून बाहेर राहतात आणि बाहेरच्या दाबाने कण एकमेकांकडे ढकलले जातात. असाकुरा आणि ओसावा यांनी १९५४ मध्ये ही गोष्ट समजावून दिली. मधली जागा प्रयोगानेच सापडते : सहा-सात नळ्यांत बहुवारिकाचे वाढते प्रमाण घ्यावे, प्रत्येकीत शेवटी बोअरचे पाणी घालावे आणि दुसऱ्या दिवशी वर्णपट पाहावा. क्रम महत्त्वाचा आहे. बहुवारिक आधी, त्याला बसायला निदान तासभर वेळ, आणि क्षाराचे पाणी त्यानंतर. उलट केले तर कण आधी चिकटतात आणि बहुवारिक फक्त गुठळ्यांना वेढते.

हाच क्रमाचा मुद्दा जीवाणूंवरच्या चाचणीत आडवा येतो. साध्या पोषक द्रवात लिटरला सहसा ५ ग्रॅम मीठ असते, म्हणजे ८५ मिलिमोलर; मीठ घातलेल्या फॉस्फेट बफरमध्ये (पीबीएस) १३७ मिलिमोलर. सायट्रेटचे उघडे कण दोन्हींत टिकण्याची शक्यता नाही, पण पोषक द्रवातील पेप्टोन आणि प्रथिने कणांवर बसून कधी कधी त्यांना वाचवतात. मग एका माध्यमात चांदी परिणामकारक आणि दुसऱ्यात निष्प्रभ, असे निकाल येतात आणि दोष जीवाणूंच्या जातीला दिला जातो. चाचणी सुरू करताना आणि संपताना त्याच माध्यमातील कणांचा वर्णपट घेऊन ठेवला तर ही फसगत टळेल.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो. मूळ निलंबन ऊर्ध्वपातित पाण्यात, काचेच्या गडद बाटलीत ठेवा. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये नको आणि बर्फाच्या कप्प्यातही नको, कारण पाणी गोठताना कण आणि क्षार उरलेल्या द्रवात कोंडले जाऊन एकमेकांवर दाबले जातात. पातळ करण्यासाठी आरओचे किंवा स्वच्छ साठवलेले पावसाचे पाणी वापरा. बोअरचेच पाणी वापरायचे असेल तर कॅल्शियम बांधण्यासाठी ईडीटीए घालता येते, पण तुमच्या काठिण्याला डायसोडियम ईडीटीए लिटरला दीड ग्रॅमच्या वर लागेल आणि शेकडो लिटरच्या टाकीला तो खर्च परवडणारा नाही. त्यापेक्षा आयन-विनिमयाचा सॉफ्टनर बरा. तो कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्याजागी सोडियम सोडतो, ४.२ मिलिमोलरच्या जागी ८.४ मिलिमोलर सोडियम येईल, जे पन्नासच्या मर्यादेपासून बरेच दूर आहे. टीडीएसच्या मीटरवर आकडा कमी होणार नाही, उलट थोडा वाढेल. म्हणून मीटरवर विसंबू नका, काठिण्याची चाचणी करा. हे मऊ केलेले पाणी फवारणीच्या टाकीपुरतेच ठेवावे. ते ठिबकमधून बागेला दिले तर सोडियम जमिनीत जाईल आणि चोपण जमिनीचे दुखणे आपल्याच हाताने ओढवून घेतल्यासारखे होईल.

बोर्डो मिश्रणाच्या टाकीत हे निलंबन कधीही मिसळू नका. मोरचूद आणि चुना यांचे द्विसंयुजी आयन तिथे इतके असतात की कोणताही सायट्रेटचा कण टिकणार नाही, आणि टाकी नुसती रिकामी करून न धुता वापरली तरी उरलेला अंश पुरेसा होतो. शिवाय १९६८ च्या कीटकनाशक कायद्यानुसार नोंदणी नसलेले द्रव्य पिकावर औषध म्हणून वापरता येत नाही, तेव्हा काम मार्गदर्शकांच्या संमतीने छोट्या चाचणीपुरतेच ठेवा आणि विक्रीच्या मालावर त्याचा थेंबही जाऊ देऊ नका.

सोडियम आणि कॅल्शियम नायट्रेटची जोडचाचणी आधी करा, त्यानंतर सॉफ्टनरचे पाणी आणि मग बहुवारिकाच्या नळ्या. पुढच्या वेळी अहवालात एकूण काठिण्याबरोबर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम वेगवेगळे मागून घ्या. मॅग्नेशियम सायट्रेटला कॅल्शियमइतके घट्ट धरत नाही, त्यामुळे ४२० पैकी वाटणी कशी आहे यावर तुम्हाला बहुवारिक किती लागेल ते ठरेल.